मोजणीत आहेत, यादीत नाहीत

३ फेब्रुवारी

पहाटे साडेपाच ते सात टंकन. प्रकरण पाच संपलं. बाबांच्या उजव्या हाताला आता पेनही धरवत नाही, म्हणून ते खुर्चीत बसून सांगतात आणि मी लॅपटॉपवर घेते. अकरा वर्षं चाललेलं पुस्तक. अमेरिकेचं प्रजासत्ताक, पहिली पंचवीस वर्षं. निवृत्त प्राध्यापकाला शहापुरात या विषयावर बोलायला मी सोडून कोणी नाही, आणि मी सिव्हिल इंजिनिअर; इतिहास दहावीला सुटला.

आजचा भाग मात्र आवडला. पहिल्या अध्यक्षाने (प.अ.) पहिल्यांदा नकाराधिकार वापरला तो लढाईवरून नाही, करावरून नाही. भागाकारावरून. कोणत्या राज्याला किती प्रतिनिधी हे काढताना बाकी उरत होती. त्या बाकीच्या जोरावर आठ राज्यांना एकेक जागा जास्त देणारं विधेयक आलं. प.अ. म्हणाला, तीस हजारांमागे एकाहून जास्त देता येत नाही, घटनेत तसं आहे. विधेयक परत.

"सुंदर आहे," मी म्हटलं.

"सुंदर काय त्यात? गणित आहे."

"म्हणूनच."

आई स्वयंपाकघरातून: "अमेरिका आटपली असन तं चहा घेऊन जा दोघंही."

५ फेब्रुवारी

ख. गावाची प्रभागरचना पूर्ण. गावाचं नाव वहीतही लिहीत नाही. खाणीचं गाव, इतकं पुरे. कागदावर रचना मंडळ अधिकारी, तलाठी आणि ग्रामसेवक अशा तिघांची समिती करते. नकाशा मी काढते. मी तहसिलीत कंत्राटी तंत्रसहाय्यक. माझी सही कुठेच नसते.

नियम: लोकसंख्या मागच्या जनगणनेची. जनगणनेचा गट फोडायचा नाही. हद्द दिसेल अशी, म्हणजे रस्ता, नाला, रूळ. प्रभागांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी. ख.मध्ये चार प्रभाग, अकरा जागा.

दोन मांडण्या बसल्या.

अ: खाण कॉलनीचे दोन भाग. पूर्वेकडचा भाग ठेकेदारी मजुरांच्या बराकींसोबत, पश्चिमेकडचा मोठ्या टोल्यासोबत, म्हणजे गावातल्या जुन्या वस्तीसोबत.

ब: अख्खी कॉलनी एक प्रभाग (क्र. २). बराकी आणि मोठा टोला मिळून दुसरा (क्र. ४).

'अ'मध्ये हद्द नाला दोनदा ओलांडते, आकार लांबुडका. 'ब'मध्ये नाला हीच हद्द, परिमिती कमी, कॉलनी एकसंध. लोकसंख्या दोन्हींत नियमात. ब दिली. अ माझ्याच फोल्डरमध्ये राहिली.

नायब साहेबांनी (नायब तहसीलदार) स्क्रीनवर पाहिलं. "एकदम सुटसुटीत. याला म्हणतात इंजिनिअर." दुपारपर्यंत तिघांच्या सह्या.

खूश होते आज. लिहून ठेवते, कारण होते.

९ फेब्रुवारी

प्रकरण सहा. इथे बाबा पाच वर्षं मागे जातात: घटना-परिषद, फिलाडेल्फिया. भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करून बसले, बाहेर शब्द जाऊ नये म्हणून. प्रश्न हा की प्रतिनिधी लोकसंख्येवर, तर लोकसंख्येत गुलाम धरायचे का?

ठरलं ते असं. पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. त्यांना मत नाही. पण त्या तिघांच्या हिशेबाने जागा वाढतील त्या मालकांच्या राज्याच्या.

बाबा सांगत होते: "लिही. 'ही तडजोड अप्रिय परंतु अपरिहार्य होती. ती केली नसती, तर प्रजासत्ताकच जन्माला आलं नसतं.'"

मी लिहिलं. मग विचारलं, "अप्रिय कुणाला?"

"कुणाला म्हणजे?"

"त्या पाचांना विचारलं होतं?"

"अनू, त्या काळात बसून बघ. गंमत अशी की उत्तरेकडचे म्हणत होते, यांना मोजूच नका. दक्षिणेकडचे म्हणत होते, पूर्ण मोजा. ज्यांनी त्यांना माणूस मानलं नाही, त्यांनाच ते पूर्ण मोजून हवे होते."

"ही गंमत नाही."

"गंमत म्हणजे इतिहासातली."

त्यांची जुनी सवय. वर्गात हशा यायचा तिथे थांबतात. मी हसले नाही. चहा गार झाला.

१४ फेब्रुवारी

ख.ची प्रारूप रचना काल चावडीवर लागली. आज संध्याकाळी तिथले सरपंच, प्रल्हाद, घरी. बाबांचे जुने विद्यार्थी. सोबत चिन्नोरची चुंगडी, पोतंभर घरचा तांदूळ, ओसरीभर वास.

पाया पडले. "सर, पुस्तक कुठवर आलं?"

बाबांचा चेहरा! अकरा वर्षांत हा प्रश्न बाहेरच्या कोणी पहिल्यांदाच विचारला. अर्धा तास प.अ. आणि तिसरा अध्यक्ष. सरपंच मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "प्रकाशन आपल्या शाळेच्या हॉलमध्ये करू सर. भंडाऱ्याहून मानसं आनू. तुम्ही फक्त तारीख सांगा."

निघताना माझ्याकडे वळले. "बेटा, नकाशा तू काढला म्हणे. एक नंबर काम. आपला टोला तुझे उपकार नाही विसरनार."

"मी काही केलं नाही. नियमात जे बसलं ते दिलं."

"हेच. हेच तर म्हणतो ना मी. कोनाले बोट ठेवाले जागा नाही."

दाराशी मी उभीच. आईने विचारलं, "कायचे उपकार गा?"

माहीत नाही, म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

आता माहीत आहे.

मतदार यादी उघडली. ती बघायचं मला काही काम नसतं, रचना लोकसंख्येवर होते, मतदारांवर नाही. प्रभाग २, कॉलनी: मतदार साधारण अकराशे. प्रभाग ४, टोला अधिक बराकी: तीनशे ऐंशी. जनगणनेत दोन्हींची लोकसंख्या जवळपास सारखी. जागा दोन्हींना तीन-तीन.

तीनशे ऐंशी नावं वाचून काढली. सगळी मोठ्या टोल्यातली. बराकींमधलं एक नाव नाही.

म्हणजे टोल्यातलं एक मत कॉलनीतल्या जवळपास तीन मतांइतकं.

'अ' काढून पुन्हा मोजली. 'अ'मध्ये कॉलनीला दोन्ही प्रभागांत बहुमत. अकरापैकी सहा जागा. 'ब'मध्ये तीन.

परिमिती कमी होती म्हणून दिली. दुसरं कारण नाही. कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागवायला कोणी असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ख.ला जाऊन आले. पहिल्यांदाच. नकाशा काढण्याआधी जायला हवं होतं. उपग्रहाच्या चित्रात छपरं दिसत होती म्हणून गेले नाही. ते चित्र किती जुनं आहे तेही तपासलं नाही. मी. जिने कॉलेजात पातळी-सर्वेक्षणात एक सेंटीमीटर चुकला म्हणून दिवसभराचं काम पुन्हा केलं होतं.

छपरं नाहीत. भिंती आहेत, काही कमरेइतक्या. आत बोरीची झुडपं, शेळ्या.

मागून आवाज: "काय पाह्यता जी? तिथं कोनी नाही राह्यत."

कुंदा मेश्राम, पस्तिशीची. डोक्यावर पाण्याची गुंडी, कमरेवर दुसरी. नवरा खाणीत खाली उतरायचा, आता दम लागतो म्हणून घरी. ही कॉलनीत शिलाई करते.

"कधी गेले इथले लोक?"

"बाराक साल झाले असन. तिकडली खदान बंद पडली, ठेकेदारानं हाकललं, गेले बालाघाटाकडं. टीनं नेले, दरवाजे नेले. भिती तेवढ्या राह्यल्या." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून: "तुमी तहसिलीतल्या का?"

हो म्हटलं.

"नकाशा तुमीच काढला?"

हो म्हटलं. खोटं बोलायचा विचार आला नाही असं नाही.

ती रागावली नाही. म्हणाली, चला, दाखवतो. नेलं पंपावर. जुन्या खाणीत साचलेलं पाणी, पाइपाने वर ओढलेलं. गुंडीच्या आतून काळा थर, बोटाने पुसला तर बोट काळं. कॉलनीत नळ नाही. कंपनी म्हणते, पाणी देणं ग्रामपंचायतीचं काम. ग्रामपंचायत म्हणते, कॉलनी कंपनीची. मोठ्या टोल्यात प्रत्येक घरी नळ, टाकी तिथेच.

"सहा साल झाले ठराव मांडून राह्यलो. दर वेळी हात वर होते तवा आमचे तीन, त्यायचे आठ. औंदा म्हटलं, मी सोता उभी राह्यतो आन् अजून तिघी-चौघी उभ्या करतो. कॉलनी एवढी वाढली, आता तं जागा वाढन. आन् हा नकाशा लागला." कमरेवरची गुंडी खाली ठेवली. "म्याडम, जे मानूसच नाही तिथं, ते त्यायच्या बाजूनं कसं मोजलं?"

मागच्या जनगणनेचे आकडे घ्यायचे असतात, मी सांगितलं. नियम सांगितला. नीट, क्रमाने.

"म्हणजे मोजनीत हाये आन् यादीत नाही."

"हो."

"भारी हाये."

हरकत घेता येते, हेही सांगितलं. शेवटची तारीख, अर्ज कुणाच्या नावे, काय लिहायचं. ती म्हणाली, तुमीच लिहून द्या ना. मी नाही म्हटलं, माझं अक्षर तिथे ओळखतात. मग मी सांगत गेले आणि तिने शिलाईच्या मापांच्या वहीतल्या पानावर लिहिलं. मधे थांबून म्हणाली, "हळू सांगा जी, मी काही मशीन नाही."

१७ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. सगळं, आकड्यांसकट.

त्यांनी आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. मग: "नियम मोडलास का तू?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही."

"प्रल्हाद वाईट मुलगा नाही. वर्गात पहिल्या बाकावर बसायचा."

आज रात्री ताटात चिन्नोर. मी भाकर मागितली. आई: "तांदुळानं काय केलं तुहं? राग आला तं नकाशावर काढ, माह्या भातावर कायले?"

बरोबर आहे तिचं. तरी भाकरच खाल्ली.

२६ फेब्रुवारी

हरकतीची सुनावणी ४ मार्चला, उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर (मोठे साहेब). नायब साहेबांनी बोलावलं. "तुम्हीही या. तांत्रिक काही निघालं तर. विचारलं तेवढंच सांगायचं, भाषण नाही."

"हो सर."

"कोणी तरी शिकवलेली दिसते ती बाई. अर्जाची भाषा बघा. 'समतुल्य प्रतिनिधित्व' म्हणे."

मी अर्ज पाहिला. शब्द माझे, अक्षर कुंदाताईचं. समतुल्य हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट.

१ मार्च

प्र. सहा पुढे. मूळ घटनेत गुलाम हा शब्द कुठेच नाही, हे बाबांनी सांगितलं. स्वतंत्र माणसं मोजा, आणि "इतर सर्व व्यक्तीं"चे तीन-पंचमांश मिळवा. लाज होती, बाबांचं म्हणणं. ती त्यांच्या बाजूची जमा धरावी, असंही.

मी त्यांच्या संदर्भपुस्तकांतून पहिल्या जनगणनेचा तक्ता शोधून काढला. त्यात स्तंभ आहेत. सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष, सोळाखालचे, गोऱ्या बायका, इतर स्वतंत्र व्यक्ती. शेवटचा स्तंभ: गुलाम. सरळ.

घटना लिहिणाऱ्यांनी टाळलेला शब्द मोजणाऱ्यांना टाळता आला नाही. तक्त्याला स्तंभाचं नाव लागतं.

बाबांना दाखवलं. म्हणाले, "चांगलं निरीक्षण आहे. तळटीपेत घाल."

"तळटीपेत?"

"मजकुराचा ओघ तुटेल नाही तर."

घातली. दहाच्या आकारात.

४ मार्च

जसं झालं तसंच लिहायचं.

दालनात मोठे साहेब, नायब साहेब, समितीचे तिघे, सरपंच आणि त्यांच्यासोबत टोल्यातले चार. समोर कुंदाताई आणि कॉलनीतल्या नऊ बायका. त्यांच्यासाठी खुर्च्या तीन. तिघी बसल्या, बाकीच्या भिंतीला. मी नायब साहेबांच्या मागे. बॅगेत 'अ' नकाशा, ए-थ्री, चार घड्या. पहाटे प्रिंट घेतलेला. कशासाठी घेतला हे तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं.

कुंदाताई बोलली. बराकीत माणूस नाही, तरी ती माणसं टोल्याच्या बाजूनं धरली, आमच्या तीन मतांना त्यांचं एक मत भारी पडते, सहा वर्षांपासून पाणी मागतो. दीड मिनिट. अडखळली नाही.

सरपंच हसून: "साहेब, आता गेल्या-मेल्यायचे मतं बी मोजा म्हणते का ही?"

टोल्यातले हसले.

"मेले नाही जी, गेले," कुंदाताई म्हणाली. "आन् मोजाले तं तुमालेच पाह्यजेत ना ते. आमी तं म्हणतो, नका मोजू."

भिंतीजवळची एक म्हातारी फसकन हसली. मोठ्या साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. जनगणनेचे आकडे आपल्याला बदलता येत नाहीत, ते म्हणाले. तेही खरं. मग नायब साहेबांकडे पाहिलं, नायब साहेबांनी माझ्याकडे.

"मॅडम, नकाशा तुम्ही केला ना? रचना नियमानुसार आहे का?"

"हो सर. नियमानुसार आहे."

"लोकसंख्या?"

"मर्यादेत आहे."

"गट फोडलाय?"

"नाही."

"झालं तर."

इथे एक वाक्य बसलं असतं. 'याच नियमांत दुसरीही रचना बसते, ती माझ्याकडे आहे.' आठ शब्द. जागा होती. साहेब पेनाचं टोपण लावत होते. मी बॅगेची चेन धरून उभी होते. विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

कुंदाताई माझ्याकडे बघत होती. मग बाकीच्या बायकांना म्हणाली, "चला गा, बस जाईन."

५ मार्च

पहाटे टंकनाला बसले नाही. बाबा येऊन उभे. काय झालं ते विचारलं. सांगितलं.

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "सत्यच बोललीस ना?"

"हो."

"खोटं काही बोलली नाहीस. प्रत्येकाला आपापल्या मर्यादेत राहूनच काम करावं लागतं. त्या काळात..."

म्हटलं, बाबा, पुढचं बोलू नका.

ते खरंच थांबले. पण पुढचं मला पाठ होतं. गेल्या महिन्यात मीच टाइप केलं होतं. अप्रिय परंतु.

१२ मार्च

आठवडाभर प्रकरण सहा बंद. बाबांनी विषय काढला नाही. आईने काढला: "बाप-लेकीत अमेरिकेवरून भांडन, असं घर साऱ्या जिल्ह्यात नसन."

आज प्रकरण सात घेतलं. तिसऱ्या अध्यक्षाची निवडणूक. विरोधक म्हणाले की हा जिंकला तो त्या तीन-पंचमांशांच्या जोरावर. मत नसलेल्यांनी त्याला निवडून दिलं. बाबांच्या टिपणात हे एका ओळीत आहे, "विरोधकांचा त्रागा" म्हणून. समानतेवर त्याने लिहिलेल्या मजकुराला अडीच पानं.

मी विचारलं, आकडेमोड बरोबर होती का विरोधकांची?

"बहुधा हो."

"मग त्रागा का म्हणायचं?"

"कारण हरलेल्यांनी केली."

टाइप केलं. तसंच. मला वाद घालायचा आता काय अधिकार? मी पण त्या दालनात होते.

२० मार्च

सरपंचांचा फोन बाबांना. हॉल पक्का. पत्रिका छापायला घ्यायची, मजकूर हवाय. बाबा दिवसभर गुणगुणत होते. निमंत्रितांची यादी मला सांगत होते, एकवीस नावं. त्यातली चार माणसं आता हयात नाहीत, हे आईने सांगितलं. खोडली.

सत्तर वर्षांचा माणूस, हात गेलेला, एका संध्याकाळची वाट बघतोय. याच्या विरुद्ध मी काय ठेवू, एक ए-थ्री?

एक ए-थ्री आणि अकराशे मतदारांचं पाणी. असं लिहिलं की उत्तर सोपं दिसतं. लिहिताना दिसतं.

२ एप्रिल

अंतिम रचना आली. 'ब', जशीच्या तशी. हरकतींवरच्या आदेशाची प्रत दफ्तरात लावायला माझ्याकडे. वाचायची गरज नव्हती. वाचली.

"...सदर रचना ही विहित निकषांनुसार असल्याचे नकाशा तयार करणाऱ्या तंत्रसहाय्यक यांनी सुनावणीवेळी स्पष्ट केले आहे. सबब हरकत अमान्य करण्यात येत आहे."

बाकी आदेशात दुसरं कारण नाही. मला वाटत होतं, कारण आधीच ठरलेलं असेल आणि माझं उत्तर निमित्त. तसं नाही. मी उत्तर दिलं तेच कारण आहे.

नावही नाही तिथे. 'तंत्रसहाय्यक'. लाज होती, म्हणतील.

परतताना मोहफुलं वेचणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला. एकीने हात हलवला. ओळखीची नव्हती. मी गाडी थांबवली नाही.

६ एप्रिल, रविवार

सकाळी दहाला दारात कुंदाताई. पत्ता कुठून मिळवला विचारलं नाही. शहापुरात 'अमेरिकावाले सर' म्हटलं की कोणीही दाखवतं.

हातात आदेशाची प्रत. "वाचता येते मले. पन शेवटचा भाग तुमच्या तोंडून ऐकाचा होता."

वाचून दाखवलं. पूर्ण.

"तंत्रसहाय्यक म्हणजे तुमीच ना?"

"हो."

"तुमी बोलल्या ते खरं होतं?"

"खरं होतं."

"मंग बाकीचं खरं कवा बोलसान?"

मी तिला दुसऱ्या रचनेबद्दल कधीच सांगितलेलं नाही. तिला कसं कळलं विचारलं. म्हणाली, "कळलं नाही. तुमी तिथं बॅग धरून उभ्या होत्या ना, तवाच दिसलं, हिच्यापाशी काही तरी हाये."

मग सरळ कामाचं बोलली. नागपूरला वकील पाहून आली. तो म्हणतो, नुसत्या तक्रारीवर कोर्ट ऐकणार नाही. पण नकाशा काढणारीच शपथेवर म्हणाली की याच नियमांत दुसरी रचना बसत होती आणि बराकी रिकाम्या आहेत हे कोणी पाहिलं नव्हतं, तर मांडता येईल. येईलच असं नाही. मांडता येईल. निवडणूक जाहीर व्हायच्या आत.

"आणि माझी नोकरी?"

"जाईन," ती म्हणाली. "मी काय खोटं सांगू तुमाले."

मी म्हटलं, विचार करून कळवते.

"करा ना. बसतो मी."

"वेळ लागेल."

"परतीची बस चारची हाये."

आईने तिला चहा दिला, मग पोहे. आता साडेबारा. मी आतल्या खोलीत हे लिहिते आहे. 'अ' नकाशा समोर उघडलाय. तपासला, चूक नाही. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं तेही मनात तयार आहे, सहा मुद्दे. तयार असणं आणि करणं यात काय अंतर असतं ते मला ४ मार्चपासून माहीत आहे.

बाहेर बाबा तिला पुस्तकाबद्दल सांगतायत. समोर कोणी बसलं की त्यांना राहवत नाही. ती कोण आहे हे त्यांना माहीत आहे. तरी सांगतायत, किंवा म्हणूनच. फिलाडेल्फिया, बंद खिडक्या, पाचांचे तीन. आवाज वर्गातला. ती मधेमधे "हो जी, हो जी" करते. तडजोडीपर्यंत आले. प्रजासत्ताक जन्मलं.

"बरं झालं," कुंदाताईचा आवाज. "आन् सर, ते जे मोजले होते, त्यायचं मंग काय झालं?"

उत्तर ऐकायला मी पेन थांबवलं.

बाबा अजून बोललेले नाहीत. इतका वेळ ते कधी थांबत नाहीत.